नौपाड्यातलं फ्रेमवाल्याचं दुकान: काम चोख, वायदा खोटा

आधी तक्रार सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कौतुक आंबट होईल. आठ दिवसांत देतो म्हणाले आणि एकोणीस दिवस लावले. मधल्या काळात मी सहा फोन केले. त्यातला एकच उचलला गेला, तोही शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं. "काका चहाला गेलेत," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो, तेव्हाही काका चहाला गेले होते.

मी वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात क्वालिटीला आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका मोजण्यात गेली, त्यामुळे माझ्याकडून 'छान', 'सुंदर' असले शब्द लवकर निघत नाहीत. फ्रेम घरी आणल्यावर मी माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडा व्हर्नियर कॅलिपरनं मोजल्या. बायको हसली, हसू दे. डावी ६५.२ मिलिमीटर, उजवी ६५.१, वरची ६५. खालची मुद्दाम ७५ ठेवलेली, कारण चारही बाजू सारख्या ठेवल्या तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. हातानं कापलेल्या माउंटला एवढं पुरे. फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात पट्ट्यांच्या जोडात फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्टीचं, ०.३ मिलिमीटरचं पान जातं, आणि तिथं पुट्टी भरून पॉलिश मारलंय. काकांना दाखवलं तर म्हणाले, "साहेब, पावसाळ्यात लाकूड फुगतं, जोड आपोआप मिळेल." जुलै संपला, अजून मिळालेला नाही.

दुकान ठाण्यात, नौपाड्याला गोखले रोडच्या मागच्या गल्लीत आहे. पाटीवर नाव नाही, नुसतं 'फोटो फ्रेम, काच, आरसे' एवढंच. रुंदी नऊ फूट असेल नसेल. भिंतीवर स्वामी समर्थ, गजानन महाराज, कुणाचे तरी आजोबा, कुणाच्या तरी मुलीचं कॉन्व्होकेशन. काच कापायचं टेबल दारातच, त्यामुळे आत जाताना अंग चोरावं लागतं. गाडी न्यायचा विचारही करू नका. स्टेशनवरून चालत या.

माझं काम साधं नव्हतं. मामांचं पेन्सिलमधलं सेल्फ पोर्ट्रेट होतं, १९६६ सालचं. क्वार्टर इम्पिरिअल, म्हणजे १५ बाय ११ इंचांचा जाड कागद. पंचवीस वर्षांचा बारीक माणूस, दाढी वाढलेली, शर्टाची दोन बटणं उघडी, आणि नजर थेट बघणाऱ्यावर. नाकाची कड एका रेषेत काढलीय, हात उचललेला नाही. केस ६बी या मऊ, काळ्या पेन्सिलीनं इतके दाबून भरलेत की कागद तिरका धरला की चमकतात.

मामा गे होते. हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलेलं नाही, म्हणून इथं लिहितोय. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९६४ साली डिप्लोमा घेतला, पाच वर्षं गिरगावात एका मित्राबरोबर चाळीतल्या खोलीत राहिले, मग १९६९ मध्ये ठाण्यात येऊन शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले. निवृत्त होईपर्यंत मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. नौपाड्यातल्या निम्म्या डॉक्टरांना सफरचंदाची सावली कुठल्या बाजूला पडते ते त्यांनी शिकवलंय. २०२२ साली गेले. खोली रिकामी करताना पलंगाखाली दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये हे चित्र मिळालं.

पहिल्यांदा मी ते घोडबंदर रोडवरच्या एका चकचकीत दुकानात नेलं होतं. तिथल्या मुलानं चित्र दोन बोटांनी उचललं आणि म्हणाला, लॅमिनेट करून एमडीएफवर चिकटवू, दहा वर्षं काही होणार नाही. मी म्हटलं, काही न करता साठ होत आली आहेत. त्याला विनोद कळला नाही. मी चित्र घेऊन निघालो.

इथले काका सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी आधी हात धुतले. मग टेबलावर कोरा कागद पसरला, त्यावर चित्र ठेवायला मलाच सांगितलं आणि ट्यूबलाइट बंद करून टेबललॅम्प बाजूनं लावला. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. पहिला प्रश्न असा: "फिक्सेटिव्ह मारलंय का?" म्हणजे पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारतात तो फवारा. मला ठाऊक नव्हतं. त्यांनी कडेच्या एका ठिपक्याला कापसाचा बोळा अगदी हलका लावला, काळा झाला. "नाही मारलेलं. आता मारायचंही नाही. हात लावायचा नाही, खोडरबर तर नाहीच."

कागदावर खाली डावीकडे तपकिरी ठिपके आलेत. ठाण्याच्या हवेत कुठल्याही जुन्या कागदावर येतात, बुरशी आणि कागदातले लोहाचे कण दोन्हीही त्याला कारण असतात. मी विचारलं, काढता येतील का? म्हणाले, "मला नाही येत. येतं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका." बऱ्याच वर्षांत कुठल्या दुकानदाराच्या तोंडून 'मला येत नाही' ऐकलं नव्हतं. एक तारा मी तिथंच दिला.

मग ते म्हणाले, "हे आरशात बघून काढलंय." मी म्हटलं, सेल्फ पोर्ट्रेट आहे, आरशात बघूनच काढणार. पण खरं सांगायचं तर आमच्याकडे याबद्दल वाद होता. आईचं म्हणणं, दादानं स्वतःला एवढं देखणं काढलं नसतं, ते त्या मित्रानं काढलं असणार. सही नव्हती, नुसतं साल होतं. काकांनी बोट न टेकवता दाखवलं: "शर्टाचा खिसा बघा. खिसा माणसाच्या डाव्या छातीवर असतो. समोर बसून दुसऱ्यानं काढलं असतं तर तो आपल्या उजव्या हाताला आला असता. इथं डाव्या हाताला आलाय. बटणपट्टीही उलटी." चाळीस वर्षं आरसे विकणाऱ्या माणसाला हे दिसलं. क्वालिटीवाल्या भाच्याला दोन वर्षं दिसलं नाही.

त्यांनी कागद उलटा केला आणि थांबले.

मागच्या बाजूला पेन्सिलीत हिशोब आहे. दोन चहा, एक ऑम्लेट, दोन पाव, खाली बेरीज, आणि बेरीज चुकलेली. त्याखाली वेगळ्या अक्षरात, निळ्या शाईनं: 'नाक जमलं. डोळे खोटे बोलतायत.'

"हे कुणी लिहिलं?"

"मामांचे मित्र होते. गिरगावात एका खोलीत राहायचे."

काकांनी ते परत वाचलं. चष्मा पुसला. म्हणाले, "मग मागे हार्डबोर्ड ठोकून चालणार नाही."

त्या काळाबद्दल थोडं सांगतो. फ्रेम बघायला येणारा दर दुसरा माणूस 'वा, काय बोहेमियन दिवस असतील!' म्हणतो. मामांना हा शब्द चालायचा नाही. त्यांची व्याख्या अशी, की भाडं थकलेलं असूनही शर्टाला इस्त्री असेल तर तो गरीब, आणि शर्टालाही नसेल तर तो बोहेमियन. पण दिवस खरेच भारलेले होते, हे तेही नाकारायचे नाहीत. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, म्हणजे ही मुलं तिथं पोहोचली तेव्हा ती जेमतेम दहा-बारा वर्षांची. १९६४ मध्ये उषा खन्नांनी गॅलरीतच समोवार हे कॅफे सुरू केलं. लांबट, अरुंद, रेल्वेच्या डायनिंग कारसारखं, आणि पलीकडे म्युझियमची बाग. एक चहा मागवून दोन तास बसलं तरी कुणी उठवायचं नाही. मागचा हिशोब तिथलाच असावा असं मला वाटतं, पण ऑम्लेट-पाव म्हटल्यावर गिरगावातला एखादा इराणीही असू शकतो. समोवार ३१ मार्च २०१५ ला बंद झालं. मामा त्याआधीच्या आठवड्यात ठाण्याहून एकटे जाऊन आले. काय खाल्लं विचारलं तर म्हणाले, "गर्दी."

वॉर्डन रोडला समुद्रालगत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती. तिथं गायतोंडे, हुसेन, तय्यब मेहता हे चित्रकार नाममात्र भाड्यात काम करायचे, दिग्दर्शक अल्काझींच्या नाटकाच्या तालमी चालायच्या, रविशंकरांचा संगीतवर्गही होता. मामा तिथं जिन्यात बसून यायचे, आत जायची हिंमत नव्हती. दारूबंदी होती, १९४९ च्या कायद्याची, त्यामुळे आधुनिक कलेवरचे निम्मे वाद चोरून दारू विकणाऱ्या कुठल्या तरी आंटीच्या मागच्या खोलीत झालेत. सायक्लोस्टाइल केलेली मासिकं हातोहात फिरायची, वाचल्यावर बोटं काळी व्हायची. ती काळी बोटं घेऊन मामा जे. जे. च्या वर्गात जायचे आणि मास्तर विचारायचे, चारकोल चालू केलं का?

या सगळ्या मोकळेपणात एक गंमत होती. अमक्याचं लग्न मोडलं, तमका दुसऱ्याच्या बायकोबरोबर राहतो, कोण कुठे पिऊन पडला, यावर चारचौघांत चर्चा व्हायची आणि कुणी नाक मुरडलं तर तोच मागासलेला ठरायचा. पण दोन पुरुष एका खोलीत पाच वर्षं राहतात, एका ताटात जेवतात, याला त्या मंडळींकडेही एकच शब्द होता: मित्र. त्यापुढे विषय नाही. १९६६ साली समलिंगी संबंधांना कलम ३७७ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. इंग्लंडमध्येही कायदा १९६७ ला बदलला, तोही एकवीस वर्षांवरच्यांना आणि बंद दाराआड. डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकारानं त्याआधीच, १९६१ मध्ये, एकमेकांना बिलगलेली दोन मुलं रंगवून टाकली होती, लंडनच्या रॉयल कॉलेजात विद्यार्थी असताना. मामांनी ते चित्र छापील स्वरूपात बघितलं तेव्हा ते चाळिशीत होते.

आपल्याकडचं नाव म्हणजे चित्रकार भूपेन खख्खर. जन्म मुंबईचा, १९३४ चा, खेतवाडीत वाढलेला, म्हणजे मामांच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये बडोद्याला गेला आणि दिवसा हिशोब लिहून उरलेल्या वेळात घड्याळवाले, न्हावी, शिंपी रंगवत राहिला. स्वतःबद्दल चित्रातून उघड बोलायला त्यालाही १९८१ उजाडावं लागलं. त्या सालच्या प्रसिद्ध चित्रात बाल्कनीत एक उघडा माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि खाली बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट चाललीय. ते चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. मामांनी त्याचं छायाचित्र मासिकातून कापून कपाटाच्या दाराला आतून लावलेलं. आई कपडे ठेवताना दर वेळी म्हणायची, "दादा, हे गाढवाचं चित्र काढ रे." गाढवाचंच म्हणायची.

हे सगळं मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांना प्रश्न होते ते कागदाचे. ते कान देऊन ऐकण्यासारखे होते, म्हणून जसे आठवतात तसे लिहितो.

साधा माउंट लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या आम्लामुळे काही वर्षांनी चित्राला माउंटमध्ये कापलेल्या खिडकीच्या कडेनं तपकिरी रेघ उमटते. जुन्या फ्रेमा उघडल्या की ती दिसते, त्यांनी मला दोन दाखवल्या. म्हणून आम्लविरहित माउंट घ्यायचा, महाग पडतो. सेलोटेप आणि फेव्हिकॉल चित्राच्या जवळपासही नको. एरवी ते जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या खळीनं वरच्या कडेला लावून चित्र टांगतं ठेवतात. आमच्या वेळी तीही नको म्हणाले, कारण दोन्ही बाजू दिसायला हव्या होत्या. दोन माउंट, दोन्हींना खिडकी, आणि मध्ये चित्र. चिकटवलेलं काहीच नाही. पुढे काच, मागे पातळ ॲक्रिलिक, म्हणजे वजन वाढत नाही. काच कागदाला टेकता कामा नये, ठाण्याच्या पावसाळ्यात आतून घाम येतो आणि कागद काचेला धरून बसतो.

मी नॉन-रिफ्लेक्टिव्ह काच मागितली होती. ट्यूब चमकायला नको म्हणून. त्यांनी एक तुकडा चित्रावर माउंटच्या उंचीवर धरला. रेषा धुक्यात गेल्यासारख्या झाल्या. "तैलचित्रावरही नको, पेन्सिलीवर तर पाप आहे," असं म्हणून त्यांनी तुकडा मागे टाकला. साधी २ एमएमची घेतली. पाचशे रुपयांचा धंदा स्वतःहून सोडला.

मग उजेडाची गोष्ट. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट आणि माती असते. माती जास्त तर पेन्सिल कडक, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी. हे मामांनी मला चौथीत सांगितलं होतं. ग्राफाइट उजेडानं उडत नाही. पुढची बाजू हॉलमध्ये, खिडकीच्या समोर नसेल तर, बिनधास्त लावा, कागद पिवळा पडेल पण मामा तसेच राहतील. मागची निळी शाई मात्र उजेडात फिकी होते. "ती भिंतीकडेच राहू दे," काका म्हणाले. "कधी बघावीशी वाटली तर काढून बघायची, परत लावायची." म्हणून त्यांनी दोन हुकांऐवजी मागे एकच मोठी कडी दिली, सहज निघेल अशी, आणि खालच्या कोपऱ्यांना रबराची बटणं, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. कडी मध्यापासून तीन मिलिमीटर डावीकडे आहे. फ्रेम किंचित वाकडी लटकते. मी दोनदा सांगितलं, ते दोनदा हो म्हणाले.

पट्टी सागाची, अर्धा इंच, पॉलिश न चमकणारं. सोनेरी नक्षीची फायबर पट्टी त्यांनी दाखवलीसुद्धा नाही. एकूण ३,४०० रुपये. घोडबंदर रोडवाल्यानं १,२०० सांगितले होते, पण त्यात चित्र गेलं असतं. बिल वहीच्या पानावर. जीपे चालतं, पण पैसे मुलाच्या खात्यात जातात आणि काका मुलाला फोन करून "आले का?" विचारेपर्यंत तुम्हाला सोडत नाहीत. मुलानं माझा फोन उचलला नसता, बापाचा पहिल्या रिंगला उचलला.

काम टाकायच्या आधी मी घरी विचारलं होतं. आई आता ८० ची आहे. मामांची धाकटी बहीण, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. मागची बाजूही दिसेल अशी फ्रेम करतोय म्हटल्यावर ती बराच वेळ पापड वाळत घालत राहिली. मग म्हणाली, "कशाला? दादाचं गणित कच्चं होतं हे जगाला कळायला हवं का?"

"आई, खाली अजून एक ओळ आहे."

"माहितेय. वाचलीय मी." थोड्या वेळानं, "पण बेरीज झाकता येते का बघ."

काकांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. मागच्या माउंटची खिडकी त्यांनी त्या हिशोबाच्या खालून कापली आहे. ऑम्लेट-पाव आणि चुकलेली बेरीज माउंटखाली सुरक्षित आहे, आणि खिडकीत फक्त ती एक ओळ. मोजली, खिडकी ४२ बाय १६० मिलिमीटर, चारी कोपरे काटकोनात.

६ सप्टेंबर २०१८ ला, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा मी कारखान्यातून मामांना फोन केला होता. काय बोलावं ते सुचत नव्हतं. "मामा, टीव्ही लावलाय का?" विचारलं. ते म्हणाले, "बघितलं. बरं झालं. येताना पाव घेऊन ये, चार." मी चारच्या ऐवजी आठ नेले. त्या संध्याकाळी ते आणि मी मिसळ-पाव खात बसलो, आणि त्यांनी आपणहून सांगितलं की मित्राला विणकर सेवा केंद्रात नोकरी लागली आणि बदली बनारसला झाली. पत्रं आली का? "आली," म्हणाले, आणि तर्री वाढून घेतली. पलंगाखाली पत्रं नव्हती. मी सगळं मोजून बघितलंय.

डोळ्यांचं म्हणाल तर मला ते खोटे वाटत नाहीत. आरशात बघून चित्र काढणाऱ्या कुणाचीही नजर अशीच ताणलेली येते, तो स्वतःकडे बघत नसतो, स्वतःला मोजत असतो. पण मी मामांबरोबर एका खोलीत राहिलेलो नाही.

पाचपैकी चार तारे. एक वायद्यासाठी कापला. कोपऱ्यातल्या ०.३ चा अर्धा कापणार होतो, तो त्या 'मला येत नाही'नं भरून निघाला.

जाणार असाल तर दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. चित्र गुंडाळी करून नेऊ नका, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये न्या. तारीख सांगतील त्यात दहा दिवस मिळवा. आणि कागदाच्या मागे कुणी काही लिहिलं असेल तर आधीच सांगा. ते वाचायला काका चष्मा पुसतात, त्याला वेळ लागतो.